सातव्या परिच्छेदातली बातमी

पत्र लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी आयटीत येईपर्यंत समजूत होती. ती गेल्यापासून लेखनकौशल्याच्या इतक्या कार्यशाळांना बसलोय, की आता नुसता फळा दिसला तरी जांभई येते.

कसब्यातल्या आमच्या घरची पत्रं मीच लिहायचो. वडील सांगायचे, मी उतरवायचो. आधी सगळ्यांची खुशाली, मग हवापाणी, मग मुलांचे अभ्यास. आणि वाचणारा जरा सावरून बसला की शेवटी, ‘काकांनी परवा देह ठेवला.’ वाईट बातमी पहिल्याच ओळीत तोंडावर फेकायची नाही.

हाच संस्कार मी जर्मनीला पाठवला. तिथल्या एका गोदामाची संगणकप्रणाली आम्ही बदलत होतो. नवी सोमवारी सुरू व्हायची होती आणि ती तयार नव्हती. आणखी एक घोळ झाला तर टीम लीडरपद जाईल, असं आमच्या मॅनेजर मॅडमनी मला आधीच बजावलेलं. म्हणून बुधवारी मी फार मन लावून ईमेल लिहिला. आभार मानले, तिकडच्या पावसाची चौकशी केली, त्यांच्या सहकार्याचे गोडवे गायले. सातव्या परिच्छेदात, दबक्या पावलांनी, आणखी दहा दिवस मागितले.

गोदाम सांभाळणाऱ्या तिथल्या बाईंनी दोन परिच्छेद वाचले, सगळं छान चाललंय असं समजल्या आणि सोमवारी सकाळी जुनी प्रणाली बंद केली. दुपारी गोदामाच्या दारात ट्रकची रांग.

मॅडमनी ईमेलचा प्रिंट माझ्यापुढे ठेवला.

“अहो, हे पत्र आहे की कीर्तन? पूर्वरंगातच गिऱ्हाईक उठून गेलं की!”

“एकदम सांगितलं असतं तर त्यांना धक्का बसला असता.”

“मग आता काय, गुदगुल्या झाल्या?”

पद गेलं. पत्रव्यवहार अमरावतीहून आलेल्या, टीममधल्या सर्वांत नव्या मुलीकडे गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा उशीर झाला, तेव्हा ती मला मजकूर दाखवायला आली. तीन ओळी. काम उशिरा होतंय. कारण हे. गुरुवारी देतो.

“सर, इतकं कोरडं बरं दिसते काय हो?”

माझे हात शिवशिवले. निदान पावसाचं तरी विचारावं.

“नाही दिसत,” मी म्हटलं. “पाठवून टाक.”

दहा मिनिटांत उत्तर आलं. चालेल, गुरुवारी. शिवाय खाली एक ओळ, वेळेवर कळवल्याबद्दल आभाराची. मला सात परिच्छेदांत तेवढं जमलं नव्हतं.