लाल यंत्राचे जाणकार

"घ्याची त लालच घ्या बाप्पा. पिवळीचं तोंड लहान हाय. बाभूळ पाह्यली का तोंड फिरवते थे."

हे वाक्य मी खिडकीच्या पडद्याआडून ऐकलं. आमच्या क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाखाली सडकेवर काम करणाऱ्या गँगची पाच-सहा माणसं भाकरी खायला बसली होती. बोलणारे होते झाडवाले काका, म्हणजे सडकेच्या कडेच्या झाडांच्या फांद्या छाटण्याचं काम करणारे. कोणीतरी विचारलं, "तुमी पाह्यली का थे मशीन?" त्यावर काका भाकरीचा घास हातातच धरून म्हणाले, "पाह्याचं काय काम हाय? सायबाच्या पोरीनं वाचली नं!"

साऱ्या वऱ्हाडात फांद्या कापायच्या अमेरिकन यंत्रांची इतकी बारीक पारख असलेला दुसरा माणूस त्या काळी नसेल, आणि त्यांनी त्यातलं एकही यंत्र पाहिलेलं नव्हतं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. माझे वडील वाशीमहून अनसिंगकडे जाणाऱ्या सडकेवर ओव्हरसिअर होते. धाकट्या भावांच्या शाळेसाठी आई नागपुरात राहिली होती आणि बाबांना दोन वेळचं गरम जेवण मिळावं म्हणून कॉन्व्हेंटमधून नुकतीच बाहेर पडलेली मी इकडे आले होते. क्वार्टर गावाबाहेर होतं. माझं मराठी पुस्तकी. विहिरीवर एकदा बायकांशी दोन शब्द बोलले तर एक दुसरीला म्हणाली, "कशी बोलते वं, जशी शाळाच भरली!" त्यात वाईट काही नव्हतं, त्या हसल्याही मोकळेपणाने, पण त्यानंतर मी बोलणंच सोडलं. दिवसभरात माझ्या तोंडून तीन वाक्यं निघत. पाणी तापलंय, वाढू का, आणि अजून एक पोळी घ्या. उरलेला दिवस मी खिडकीतून बघण्यात घालवायची. म्हणून काकांबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं त्यांच्या घरच्यांनाही नसेल.

ते फांदी 'तोडली' असं कधी म्हणत नसत, 'उतरवली' म्हणत, जसं एखाद्या मुलाला कडेवरून उतरवावं. आधी झाडाच्या बुंध्यावर थाप मारून ते निरोप देत, "येऊन राह्यलो बाप्पा, रागावू नको." एकदा घाईत हे राहिलं आणि लाल मुंग्या चावल्या, तर त्यात त्यांना मुंग्यांचा दोष मुळीच वाटला नाही. त्यांच्याजवळ तीन कुऱ्हाडी होत्या, आणि प्रत्येकीचा स्वभाव ते सोयरीक जमवणाऱ्याच्या बारकाईने सांगत. मानोऱ्याच्या लोहाराची होती ती तापट, पहिल्याच घावात बसायची आणि मग निघायची नाही. वाशीमच्या बाजारातली गोड बोलायची आणि काम करायची नाही. तिसरी शिरपूरची. "हे जैनाच्या गावची हाय," ते गंभीरपणे सांगत, "घाव घालाच्या अगुदर मांगंपुढं पाह्यते." ऐकणारे हसले की ते त्या कुऱ्हाडीच्या पात्यावरून हात फिरवत, तिला वाईट वाटू नये म्हणून.

अशा माणसाच्या हाती तीन इंग्रजी पुस्तिका पडल्या. विकास योजनेची पाहणी करायला आलेले कोणी अमेरिकन साहेब डाक बंगल्यात दोन दिवस राहून गेले होते. त्यांनी मागे ठेवलेल्या कागदांतून खानसाम्याने चित्रं असलेल्या या पुस्तिका काकांना दिल्या, कारण चित्रांत झाडं होती. काका त्या घेऊन आमच्या व्हरांड्यात आले. माझ्याकडे न बघता ते आधी दाराच्या चौकटीशी बोलले. "साग हाय. ओला असतानीच बसवला, म्हनून फुगला." मग मला म्हणाले, "बाई, तुमाले इंग्रजी येते म्हनतात. हे काय हाय, वाचता का जरा?"

तिन्ही पुस्तिका तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या आणि तिन्हींतलं यंत्र साधारण एकच. चाकांवरची एक मोठी पेटी, एका बाजूला फांदी आत घालणारा माणूस, दुसऱ्या बाजूला वर वळलेल्या नळ्यातून ट्रकमध्ये उडणारे लहान लहान तुकडे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ब्रश चिपर. चिप म्हणजे ढलपी, बारीक तुकडा, एवढं मला येत होतं. ब्रश म्हणजे तर ब्रशच. केसांचा, बुटांचा, दातांचा. आमच्या शाळेत दुसरा कुठला ब्रश नव्हता. मी जसं होतं तसं सांगितलं, की काका, यात ब्रशचं काहीतरी आहे.

"कायचा बरश?"

"दात घासायचा असेल," मी म्हणाले.

काकांनी चित्रातल्या तुकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. "म्हंजे दातून! हिकडून फांदी घाला, तिकडून दातून! पाहा नं, कसे सारखे तुकडे निंघून राह्यले!" आम्ही दोघांनी चित्र पुन्हा पाहिलं. फांदी, तुकडे, ट्रक. सगळं जुळत होतं. सडकेवरच्या बाभळीची आणि निंबाची दातवणं काढून काका रविवारी बाजारात नेत, त्यामुळे जगातल्या कोणत्याही शहाण्या देशाने असं यंत्र केलं असणारच, यात त्यांना शंका उरली नाही.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ते रोज अर्धा तास येऊ लागले आणि आम्ही यंत्रांची तुलना करू लागलो. मी वाचायची, ते पारखायचे. इंच सांगितले की ते आपल्या हाताच्या वितीने व्हरांड्याच्या फरशीवर तोंड मोजून बघत. पिवळ्या यंत्राचं तोंड नऊ इंची, म्हणून ते नापास. हिरव्याचा नळा फार उंच. "दातून खाली पडेलोग वाळून जाईन." लाल यंत्राच्या बाजूने मात्र निर्णायक पुरावा होता. त्याच्याजवळ उभा असलेला अमेरिकन माणूस बत्तिशी दाखवून हसत होता. "दात पाहा त्याचे," काका म्हणाले. "एक तरी किडेल हाय का? पिवळीवाल्यानं तोंड मिटून घेतलं. काहून मिटलं असन?" मी हसले. मोठ्याने हसले. त्या घरात माझं हसणं कसं घुमतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मला कंपनीला विचारायचे प्रश्न पत्रांत लिहून घ्यायला सांगितले. बाभळीच्या काट्यानं मशीनच्या तोंडाले फोड येते का? फांदीवर घरटं असलं त मशीनले समजते का? ही पत्रं कुठे पाठवायची नव्हतीच. पण मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली, आणि बारा वाजले की माझं लक्ष कडुनिंबाकडे जाऊ लागलं.

एके दिवशी वरच्या फळीवरची लाल पुस्तिका काढायला त्यांनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत गेला आणि अडला. मोठ्या शिताफीने त्यांनी त्याच हाताने कान खाजवला, पण मी पाहिलं होतं आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. फरशीकडे बघत म्हणाले, "सायबाले सांगू नका बाई. दोन महिने झाले, झाडावर चढनं होत नाई. मी खालतून बोट दाखोतो, पोट्टे उतरवतात. असं कितले दिवस चालन? चढता येत नाई त्याले सडकेवर कोन ठेवते?" मग पुस्तिकेतल्या हसऱ्या माणसावर बोट ठेवून म्हणाले, "हा पाहा. खाली उभा हाय. मशीन आली का मले बी खालीच उभं राह्यचं हाय. अकोल्याचे इंजिनिअर सायेब येऊन राह्यले नं पुढच्या हप्त्यात, त्याईलेच सांगतो. लाल मांगवा म्हनतो."

तेव्हा कुठे मी ती पुस्तिका नीट, शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचली. त्यात एके ठिकाणी फांद्या, पाला आणि ब्रश अशी यादी होती. ट्रंकेच्या तळाशी शाळेचा शब्दकोश होता. त्यात ब्रश या शब्दाचे अर्थ ओळीने दिले होते, आणि दातांच्या, केसांच्या बऱ्याच खाली लिहिलं होतं, झाडोरा, छाटलेल्या काटक्याकुटक्या. ते यंत्र दातवणं करत नव्हतं. ते काटक्यांचा चुरा करत होतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी सांगायचं ठरवलं. "काका, तो ब्रश आहे ना," मी सुरुवात केली. ते लगेच पुढे सरकले. इतके दिवस मी बाई होते, त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "हो पोरी, बोल. मी तेच इचारनार होतो. निंबाचे बी निंघतीन का बाभळीचेच?"

सांगितलं तर ते उद्यापासून येणार नाहीत, एवढंच मला दिसलं. त्यांच्या खांद्याचा विचार मी नंतर केला, हे आज लिहिताना लपवत नाही.

"निंबाचेही निघतील," मी म्हणाले.

इंजिनिअर साहेब आले ते जीपने, दुपारी, धुळीसकट. कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. बाबा, गँग, सगळे उभे. मी आत चहाचा ट्रे तयार करून पडद्यामागे थांबले होते; बाबांनी हाक मारली की शिपायाने तो न्यायचा, अशी रीत. काका धुतलेलं धोतर नेसून आले होते. कोणी विचारण्याआधीच ते पुढे झाले आणि त्यांनी लाल पुस्तिका साहेबांच्या गुडघ्यावर ठेवली.

"सायेब, आपल्या खात्यानं हे मांगवावं. तीन कंपन्या पाह्यल्या मी. हेच चांगली हाय. बाभळीचं दातून असं निंघन का साऱ्या जिल्ह्याले पुरून उरन."

"दातून?" साहेबांनी पुस्तिका चाळली आणि ते इतके हसले की खुर्ची करकरली. "अरे बाबा, हा ब्रश म्हणजे काटक्या! यंत्र त्यांचा भुगा करतं. बारीक भुगा, आणि मग टाकून देतात."

गँग हसली. बाबांचे कान लाल झाले. काका मात्र हसण्याकडे नाही, साहेबांकडेच बघत होते. "टाकून देतात? साऱ्या काटक्या? मंग तठी बाया चुलीत काय घालतात?"

साहेब जरा चिडले. "दातवणाचं कोणी सांगितलं तुला?"

मी पडदा मुठीत धरला. काकांनी खिडकीकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. "कोनी नाई सायेब. माह्याच टाळक्यातून निंघालं. मले कुठी इंग्रजी येते?"

"ओव्हरसिअर, हा म्हातारा झाला," साहेब बाबांना इंग्रजीत म्हणाले. "याला कमी करा आणि झाडावर चढणारा कोणीतरी घ्या." तिथे उभ्या असलेल्यांत ते फक्त बाबांना कळलं, आणि पडद्यामागे मला.

पुढचं थोडक्यात सांगते. शेवटी साहेबांनी त्यांना काढलं नाही आणि कायम ठेवा असंही म्हटलं नाही. पावसाळ्यापर्यंत बघू, म्हणाले. पावसाळ्याआधीच बाबांची बदली झाली आणि मी नागपूरला परतले. काकांचं काय झालं ते विचारायला माझ्याजवळ पत्ता नव्हता, आणि पत्र वाचून दाखवायला त्यांच्याजवळ कोण असणार होतं? त्यानंतर मी पुष्कळ माणसांत राहिले, पुष्कळ बोलले. तरी दुपारचे बारा वाजले की घर जरा रिकामं होतं, अजूनही.

त्या दुपारी साहेबांचं ते इंग्रजी वाक्य ऐकलं आणि मी ट्रे हातात घेऊनच बाहेर आले. शिपाई बाजूला झाला. बाबांनी डोळ्यांनी मला आत जायला सांगितलं. माझ्याजवळ एक इंग्रजी वाक्य अगदी तयार होतं, व्याकरणासकट, शेवटी सर लावून. पण काकांनी मान वर केली, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले,

"थे मीनं सांगतलं होतं सायेब. इंग्रजी माहं चुकलं. त्याईचं झाड चुकत नाई."