कासिआनोच्या गाडीचं त्वरण

एदेल्मिराबाईंचा संशयी स्वभाव कोलंबियातल्या मानिसालेस शहराच्या त्या चढाच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता? ताटातली मक्याची अरेपासुद्धा त्या आधी उलटून बघत. वर्गात भौतिकशास्त्राचं उत्तर बरोबर आलं की पहिला प्रश्न, "कुणाचं बघून लिहिलंस?" लग्नही असंच राहिलं. मागणी घालणाऱ्याला काहीतरी लपवायचं असणार, असं त्यांचं पक्कं मत.

गल्लीच्या उतारावर दरवर्षी होणाऱ्या, बेअरिंगच्या चाकांवरच्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीला पंच त्याच. खडूच्या रेघेपर्यंत घरच्यांनी गाडी ढकलायची, रेघ ओलांडली की घड्याळ सुरू. ज्याला घरचं कुणी नाही, त्याला पंचाने नावापुरता हात लावायचा, असा रिवाज.

यंदा एकटा राहणारा विधुर चांभार कासिआनो पहिला आला. दरवर्षी शेवटून पहिला येणारा माणूस! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी भिंतीवर खडूने हिशेब मांडला. अंतराची दुप्पट, भागिले वेळेचा वर्ग, त्वरण निघालं. मग दुसरी रीत. उताराच्या तिरपेपणावरून निव्वळ गुरुत्वाकर्षण किती त्वरण देईल, तेही काढलं. पहिलं उत्तर मोठं आलं.

"उतार देतो त्याहून जास्त आलं कुठून?" बाई कडाडल्या. "मोटर लपवलीय याने!"

कासिआनोचा चेहरा पडला. लबाड ठरला असता तर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नसती. "खोला बाई. सगळ्यांदेखत खोला."

गाडीचा स्क्रू न् स्क्रू निघाला. मोटर कसली, साधी स्प्रिंगही नव्हती.

"मग पुन्हा पळव. माझ्या डोळ्यांसमोर!"

गाडी जोडून वर नेली. कासिआनो बसला आणि बसूनच राहिला. शेवटी मान वळवून म्हणाला, "ढकला की, बाई. मघाशी ढकललंत तसं. टोपी उडाली होती माझी."

"नावापुरता हात म्हणे!" बेकरीवाला रुफिनो खिदळला. "बाईंची चप्पल निघाली होती!"

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. गाडी जागेवरून सुटली असेल तरच ती पहिली रीत चालते, हे त्या दरवर्षी पोरांना बजावत. आज रेघेवर गाडी थांबलेली नव्हतीच, त्यांच्याच धक्क्याने ती आधीच वेगात होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान लालबुंद झाले.

त्यांनी पदर नसलेल्या झग्याच्या बाहीनेच हिशेब पुसला.

"बक्षीस तुमचंच, दॉन कासिआनो. चुकलं माझं."

"आणि पुढच्या वर्षी, बाई? तेव्हाही ढकलाल ना?"

"ढकलीन. पण पंच दुसरा बघा," बाई हळूच म्हणाल्या. "घरच्या माणसाला पंच होता येत नाही."