पदराखालचा हात

मागच्या रविवारी मी डिंभे धरणाजवळच्या एका वस्तीवर पाहुणे घेऊन गेले होते. मुंबईचं देणगीदार जोडपं, बोलायला अगदी साधं... आमची संस्था शेतमजुरांच्या मजुरीसाठी आणि अपघाताच्या भरपाईसाठी भांडते. त्यासाठी पैसे उभे करायचं काम माझ्याकडे, म्हणजे हात पसरायचं खातं माझं.

या वेळी पैसे वकिलासाठी हवे होते. वस्तीवरच्या हिराबाईंचा उजवा हात मळणीच्या मशिनमध्ये सापडला, बोटं गेली. शेताचा मालक आता म्हणतो, ही बाई माझ्याकडे कामाला नव्हतीच.

वस्तीवर मी एवढाच निरोप दिला होता, की पाहुणे येणारेत. तिथेच फसले... पाहुणे म्हटल्यावर आमच्याकडे काय होतं, हे मला कळायला हवं होतं.

अंगणं सारवलेली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, शाळेतून खुर्च्या आणलेल्या. त्या दिवशीचा रोज बुडवून सगळ्यांनी मिळून धरणातल्या माशांचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी केल्या होत्या.

जोडप्यातल्या मॅडम मागून मागून जेवल्या. काम मिळतं का नीट, असं त्यांनी विचारलं, तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "मिळतं की. बरं चाललंय आमचं."

हिराबाई डाव्या हाताने वाढत होत्या, उजवा पदराखाली. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "डावखुऱ्या दिसता." हिराबाई हसल्या आणि चुलीकडे वळल्या... मी तोंड उघडलं, पण भरल्या ताटांसमोर काही बोलवेना.

परतताना गाडीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर अंगण होतं ते सारवलेलंच.

परवा त्यांचा फोन आला. माणसं फार गोड आहेत, पण आम्ही जास्त गरज असलेल्या ठिकाणी द्यायचं ठरवलंय... त्यांना तरी काय बोलणार?

काल वस्तीवर जाऊन सांगून आले. थोड्या रागानेच विचारलं, हात कशाला झाकलात म्हणून.

हिराबाई म्हणाल्या, "आवं ताई, जेवताना ह्यो हात दिसला असता, तर पावण्यांना घास गेला असता का?" मग म्हणाल्या, "कालवण आवडलं व्हतं ना पण त्यांना?"

आवडलं होतं, म्हटलं.

आता दुसऱ्या एका देणगीदाराशी बोलणं चाललंय. त्यांनाही वस्ती बघायचीय. ऑफिसमध्ये ठरलं, या वेळी बायकांना कामाच्या कपड्यांत राहायला सांगायचं, आणि हिराबाईंना हात झाकू नका म्हणायचं... सांगायचं मीच.

केस उभी राहायची तर सांगावं लागेल, कळतंय मला. पण ज्या बाईने माझ्या पाहुण्यांच्या घासाची काळजी केली, तिला हे कोणत्या तोंडाने सांगू? सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेय... अजून लावलेला नाही.