याकोबाची खालची पट्टी

बातमी आली तेव्हा मी देवळाली प्रवऱ्यातल्या माझ्या दुकानात एका बाईंना परकराचं कापड फाडून देत होतो. फोन दत्तूभाऊचा. दत्तूभाऊ बोलतो तेव्हा खरं तर फोनची गरज नसते, त्याच्या उसातून माझ्या गल्ल्यापर्यंत आवाज तसाच पोचतो. त्या दिवशी मात्र मला दुसरा कान दाबून ऐकावं लागलं.

"बाळू, खाली बस."

"बसलोच आहे."

"न्हाई, नीट बस... याकोब गेला रं. झोपंतच."

फोन ठेवून मी कापड फाडतच राहिलो. बाईंनी दोन मीटर मागितलं होतं, साडेचार मीटर गेलं, आणि त्यांनीही ते तसंच घडी घालून घेतलं.

याकोब म्हणजे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून. उंची पाच फूट, तीही चपलेसकट. अंगानं असा की वाऱ्याच्या दिवशी खिशात काट्याची किल्ली नसती तर प्रवरा ओलांडून गेला असता. पण त्या चिपाडात परमेश्वरानं जो आवाज भरला होता, तो बहुधा एखाद्या हत्तीसाठी काढून ठेवलेला असावा आणि गर्दीत पत्ता चुकला असावा. याकोबानं खालचा सा लावला की चहावरच्या सायीला घडी पडायची. मी पाहिलंय. कोणाला खोटं वाटत असेल त्यानं एक घडी कमी धरावी.

दत्तूभाऊ आमच्यात आला तो या आवाजामुळेच. ऊस भरलेली बैलगाडी काट्यावर घेऊन तो स्वतः वर बसून राहिला होता, म्हणजे आपलंही वजन उसात जमा. केबिनमधून आवाज आला, "खाली उतरा." दत्तूभाऊ सांगतो, "मी उतरलो, बैलं बसली, आन् मागचा गाडीवालाबी उतरला, त्याचा काय संबंध न्हवता!" भांडायला म्हणून केबिनमध्ये शिरला आणि एवढंसं माणूस पाहून त्यानं विचारलं, "आवाज कुटंय?" पुढच्या रविवारी तो याकोबाच्या ओसरीवर गात होता.

आम्ही चौघे. चर्चमध्ये पेटी वाजवणारे शाळामास्तर लाजरस, दत्तूभाऊ, याकोब आणि सर्वांत वरच्या सुरात मी. एका नाताळात याकोबाच्या मेव्हण्यानं, तो बोटीवर नोकरीला होता, एक कॅसेट आणून दिली. तिच्यावर पेनानं लिहिलं होतं 'सोल'. अमेरिकेतल्या काळ्या गवयांचं, चर्चमध्ये जन्मून थेट नाचाच्या हॉलात शिरलेलं गाणं. चार-पाच माणसं, वाद्यं मागे कुठेतरी, आणि गळे असे एकमेकांत विणलेले की कुणाचा कुठला ते कळू नये. शब्द एकही समजला नाही. पहिलं गाणं संपल्यावर लाजरसमास्तर डोळे पुसत होते आणि दत्तूभाऊ म्हणाला, "ह्यांचं बी कुनीतरी गेलंय."

त्या एका कॅसेटवर आम्ही शिकलो. वीज असायची ती नसल्यासारखी, म्हणून टेप सेलवर चालायचा. सेल संपले की मार्थावहिनी, म्हणजे याकोबाची बायको, ते पत्र्यावर उन्हात तापवायच्या आणि आम्ही पुन्हा घालायचो. चालींवर लाजरसमास्तरांनी मराठी शब्द बसवले, पाटी रंगवून घेतली 'प्रवरा सोल पार्टी', आणि निघालो. सोनईच्या एका लग्नात आम्हाला राजकीय पार्टी समजून स्टेजवर फेटे बांधले. भंडारदऱ्याला पाण्याकाठी गायलो तर डोंगरातून याकोबाचा आवाज आम्ही जेवायला बसल्यावर परत आला. हंगाम सुरू होताना कारखान्यात उसाच्या पहिल्या मोळीची पूजा झाली की आमचं एक गाणं ठरलेलं. लोक माझ्या ताना ऐकायला यायचे असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते यायचे याकोबासाठी. इतकं खाली माणूस जाऊ शकतो, हे बघायला.

मग लाजरसमास्तरांची मुलगी पुण्याहून आली. तिनं मोबाईलवर आमचं पहिलं गाणं शोधून काढलं, मूळचं, स्वच्छ. आम्ही हौसेनं कान लावून बसलो. गाणं सुरू झालं आणि आमची तोंडं पडली. ते लोक तर भराभर गात होते! आणि वर, चांगले तीन-चार सूर वर. उन्हात तापवलेले सेल, दुसरं काय? आमचा टेप रडतखडत चालायचा, आवाज जड व्हायचा, आणि आम्ही तेच प्रमाण मानून गळे घासले होते. याकोबाला तर त्या टेपनं असा सूर दाखवला होता जो कुणी माणूस कधी गायलाच नव्हता. यानं तो खरा समजला आणि गाठला.

याकोब शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "यांचा खालचा माणूस तर आपल्या दत्तूभाऊएवढाच जातो की... मग मी इतकी वर्षं काय गात होतो?"

खऱ्या पट्टीत गायचं तर याकोबाचं काम कुणीही केलं असतं. काट्यावर सही करणाऱ्या त्या माणसाकडे जगात त्याची म्हणून एकच गोष्ट होती, आणि ती चूक निघाली होती.

महिन्याभरात नगरला कार्यक्रम होता. कसं गायचं, असा प्रश्न आला. लाजरसमास्तर म्हणाले, खरं तसं. मीही म्हणालो, खरं तसं. आज लिहून टाकतो... मला खऱ्याशी देणंघेणं नव्हतं. वरच्या पट्टीत माझा आवाज चकाकायचा, एवढंच. दत्तूभाऊ जीपमध्ये डिझेल किती आहे ते बघायला उठला. याकोब म्हणाला, "चूक सापडल्यावर तशीच चालवायची नाही. उद्या काट्यात फरक निघाला तर मी गाड्या तशाच मोजीन का?"

नगरला आम्ही बिनचूक गायलो. याकोब तर इतका बिनचूक की तो आहे हे कुणाला कळलंही नाही. टाळ्या पडल्या, शिस्तीत, मोजून. खाली उतरताना तो मला म्हणाला, "बाळू, आज तुझा आवाज छान लागला." टोमणा मारायचं त्या माणसाला ठाऊक असतं तर मला सोपं गेलं असतं.

परतताना दत्तूभाऊची जीप. विळद घाट उतरलो, राहुरी आली. दिवस मावळत होता. एका उसाच्या शेताकडेला दत्तूभाऊनं जीप थांबवली.

"याकोबा, म्हन."

"काय?"

"आपल्यावानी म्हन. पयलं गानं."

"दत्तूभाऊ, ते चूक आहे."

"असू दे की! ज्यांचं बरोबर हाय त्यांनी बरोबर म्हनावं. आपली चूक तरी जमती का त्यान्ला? आन त्यान्ला बोलवून!"

याकोबानं सूर लावला. मी शपथेवर सांगतो, एकरभर ऊस एका बाजूला वाकला. त्यानंतर आम्ही पुन्हा कधी खरं गायलो नाही. ते मत मी कशासाठी दिलं होतं, हे मात्र त्याच्याजवळ कधी बोललो नाही.

मातीच्या दिवशी आम्हाला गाता आलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी घरी स्मरणाची प्रार्थना ठरली आणि वहिनींनी निरोप धाडला, पहिलं गाणं म्हणा. आम्ही तिघे आदल्या रविवारी त्याच ओसरीवर बसलो. खालच्या सुराला माणूस नाही. लाजरसमास्तर हळूच म्हणाले, "आता खऱ्या पट्टीत घेऊ या का? दत्तूभाऊ खालचं सांभाळतील. आता कुणाला लागायचं नाही." दत्तूभाऊ माझ्याकडे बघत राहिला. या खेपेला माझ्याच मतावर होतं सगळं. मी काय बोलणार होतो, मला माहीत नाही. तेवढ्यात मास्तरांनी पेटीवर चाल वाजवून बघितली आणि वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"हे कुठलं गाणं, भाऊजी?"

"अहो वहिनी, पहिलं. तुम्हीच सांगितलेलं."

"छे! हे मी कधी ऐकलेलं नाही."

आम्ही तिघे गार. या बाईच्या घरात, या बाईचा चहा पिऊन, आमच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या. तेव्हा त्यांनी सांगितलं. आमच्या गाण्यानं परसामागच्या शेजाऱ्यांची म्हैस पान्हा चोरते अशी तक्रार होती, म्हणून याकोब मधलं दार लावून घ्यायचा; आज ते लावायला कुणी नव्हतं. आत चुलीपाशी आमचं काहीच पोचत नसे, माझी चकाकी तर मुळीच नाही. भिंतीतून येत असे ते फक्त त्याचं. "मला तेवढंच गाणं माहीत आहे," वहिनी म्हणाल्या आणि गुणगुणायला लागल्या.

सावकाश, त्याच आमच्या रडतखडत चालीत. बाईचा गळा, म्हणून सूर वरचा. पण बाकी सगळं त्याचं. तो जिथे दम घ्यायचा तिथे त्यांनी घेतला. तो जिथे थांबायचा तिथे थांबल्या, आणि त्या थांबण्यात आम्हा तिघांची रिकामी जागा स्पष्ट दिसत होती.

मास्तरांनी पेटी मिटली. मी म्हणालो, "आपल्याच पट्टीत." घसा खरवडत मी त्या जागेत शिरलो, मागून दत्तूभाऊ, मग मास्तर. दोन ओळी झाल्या आणि वहिनी थांबल्या, मान हलवायला लागल्या.

"तुम्ही समोर गायला लागलात की माझं चुकतं. मला आतूनच जमेल."

त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या, आणि आतून आवाज आला, "भाऊजी, दार तेवढं लावून घ्या."