साहेबांचं पान

बर्मिंगहॅमच्या त्या घरात जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक इंग्रज गृहस्थ गेली छत्तीस वर्षं ठाण मांडून होते. अठराव्या शतकातलं तैलचित्र. डोक्यावर पांढरा केसांचा टोप, तपकिरी मखमली कोट, एक हात जाकिटात खुपसलेला, गालांवर खात्यापित्या घरची लाली आणि रंगाला गेलेले बारीक तडे. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हे कोण, असं पाहुण्यांनी विचारलं की मीनाक्षीबाई शांतपणे सांगत, आमचे मोठे दीर.

डॉक्टर पुरुषोत्तमांनी ते एका जुन्या हवेलीच्या लिलावात घेतलं ते रागाच्या भरात. ते भूल देणारे डॉक्टर. कन्सल्टंटच्या जागेसाठी त्यांनी तीनदा मुलाखत दिली, तिन्ही वेळा हॉस्पिटलच्या बोर्डरूममधल्या असल्याच एका टोपवाल्या साहेबाच्या चित्रासमोर बसून. तिन्ही वेळा जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्यांना मिळाली. मग म्हणाले, आता असला एक माझ्या भिंतीवर टांगतो आणि त्याच्यादेखत वरणभात ओरपतो. मीनाक्षीबाई मनात म्हणाल्या, घरचं झालं थोडं. पण मोठ्यानं बोलल्या नाहीत. त्या बोलत कमी, वाढत जास्त. नवऱ्याचं जेवण झालं की ओट्यापाशी उभ्यानंच दोन घास खायचे, ही सवय त्यांनी साताऱ्याहून आणली होती आणि ती इंग्लंडच्या थंडीतही टिकली.

एक्याऐंशीव्या वर्षी डॉक्टर विसरायला लागले. आधी रस्ते, मग मुलीचं नाव, मग बायको. भिंतीवरचे साहेब मात्र मनात पक्के बसले. मुलाखत घेणारे ते हेच, अशी त्यांची खात्री झाली. जेवायला आले की खुर्चीमागे ताठ उभे राहत, शर्टाचं वरचं बटण लावत. बसा म्हटलं, तर हळूच सांगत की सर अजून बसलेले नाहीत. आता सर बसणार कुठून? रोज भात गार व्हायचा.

वजन सत्तेचाळीस किलोवर आलं. घरी येणारी नर्स भली होती, पण स्पष्ट बोलली: पुढच्या महिन्यातही वजन उतरलं तर यांना केअर होममध्ये हलवावं लागेल. मीनाक्षीबाईंच्या मनात आलं, तिथे यांना मऊ भात कोण कालवून देणार?

कार्डिफहून मुलगी देविकाचा फोन आला. "आई, ते पोर्ट्रेट खाली काढून टाक ना. इट्स अपसेटिंग हिम."

शेजाऱ्याच्या मदतीनं चित्र उतरवलं. मागे वॉलपेपरवर एक न विटलेला गडद चौकोन उरला. डॉक्टर दोन दिवस त्या चौकोनासमोर उभे. सर न सांगता निघून गेले, म्हणजे याही वेळी नाहीच, असं म्हणून लहान मुलासारखे रडले. पाण्याचा घोटही घशाखाली उतरेना. शेवटी साहेब पुन्हा भिंतीवर चढले. त्या लाल गालांवर उलथनं फेकून मारावं, इतका बाईंना संताप आला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चित्राखालच्या खुर्चीपुढे आणखी एक पान वाढलं. डावीकडे लोणचं-चटणी, उजवीकडे बटाट्याची भाजी, मधे भाताची मूद, वर वरण आणि तूप. नैवेद्य दाखवताना फिरवतात तसं ताटाभोवती पाणी फिरवलं.

"अहो, सर बसले," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीही बसा."

डॉक्टरांनी चित्राकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि बसले. पोटभर जेवले. मग रोजच दोन पानं वाढली जाऊ लागली. साहेबांचं गार ताट बाई नंतर ओट्यापाशी उभ्यानं संपवत, कारण अन्न टाकायचं नाही. महिन्यानं नर्सनं वजन केलं, तर दीड किलो वाढलं होतं. डॉक्टर घरीच राहणार होते.

त्याच दुपारी ताक पिऊन त्यांनी समाधानानं चित्राकडे पाहिलं. "सर, युवर कुक इज व्हेरी गुड. हाऊ लाँग हॅज शी बीन विथ यू?"

बाईंच्या हातातली पळी थांबली. साहेब काही बोलेनात, तेव्हा त्यांनीच उत्तर दिलं.

"पन्नास वर्षं."

डॉक्टरांनी वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं, नवख्या माणसाकडे पाहतात तसं.

"बाई, तुम्ही जेवलात का?" त्यांनी अदबीनं विचारलं. "बसा. सर काही म्हणणार नाहीत."

पन्नास वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. मीनाक्षीबाईंना हुंदका आवरेना. त्यांनी कार्डिगनच्या बाहीनं डोळे पुसले, चित्राखालची खुर्ची ओढली आणि साहेबांच्या ताटावर बसल्या. भात गार झाला होता. त्यांनी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.