आंटी अजून हो म्हणाल्या नाहीत

पुण्याला गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडे कॉयरमध्ये गातेस म्हणे? भजनं का गं?" मी म्हणते, "नाही, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांची गाणी." मग समोरच्याचा चहा गार होतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. कोविडच्या काळातले आमच्या कॉयरचे किस्से कोटाच्या खिशातल्या मास्कसारखे साठलेत. एक ओढला की चार बाहेर येतात!

कॉयर नेदरलँड्समधल्या द हेगचा, ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी आणि गोरे यांच्यात समेट व्हावा म्हणून मेरिलने सुरू केलेला. मेरिल स्वतः अ‍ॅबोरिजिनल, डच माणसाशी लग्न करून इथे आलेली, पेशाने फिजिओथेरपिस्ट. "ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे शब्द आधी आपल्या तोंडात घोळवा, समेटाच्या गप्पा मग मारा," असं तिचं म्हणणं. गाणी शिकवायच्या तिच्या आई, आंटी आयरीन, ऑस्ट्रेलियातल्या आपल्या घरून, व्हिडिओवर. त्यांचे गुडघे गेलेले. एकदा खुर्चीत बसल्या की तालीम संपेपर्यंत उठायच्या नाहीत.

आणि त्यांच्याकडची रीत अशी की गाणं ज्यांचं, त्यांनी हो म्हटल्याशिवाय ते चारचौघांत गायचं नाही. बाकीच्या गाण्यांना आंटींनी पटापट हो म्हटलं. एक मात्र अडलं होतं, शिकवत होत्या पण हो म्हणत नव्हत्या. ते त्यांच्या आजीचं, संध्याकाळी घरच्यांना हाक मारायचं गाणं. लहानपणी मिशनऱ्यांच्या शाळेत घरची भाषा बोललं की शिक्षा व्हायची. त्यामुळे घरात ते गाणं येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. मेरिललाही तोवर येत नव्हतं. तिकडच्या सीमा बंद, आंटींचं वय झालेलं. आईच्या हयातीत ते गाणं आपल्या पदरात पडावं, एवढंच मेरिलला हवं होतं.

हे सगळं मी घरी येऊन भारावून सांगितलं. आमचे मिलिंदराव लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले, "भांडण ऑस्ट्रेलियातलं, माणसं डच, आवाज पुण्याचा. समेट नक्की कुणाचा कुणाशी?"

मी हे मेरिलला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला विचार, घरात भांडी कोण घासतं? तिथून सुरू करू!"

*

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या शुभदाताई आमच्यात सगळ्यात हौशी. तालमीला डबा आणल्याशिवाय त्यांना सूर लागत नाही. गल्लीतली सगळी भारतीय पोरं त्यांना आंटी म्हणतात आणि त्याचा त्यांना भयंकर राग. "पन्नाशी लांब आहे अजून माझी. ताई म्हणायला काय जीभ झिजते?"

साहजिकच पहिल्या व्हिडिओ-तालमीत त्यांनी मला मेसेज केला, 'यांना आंटी कसं म्हणू गं? बाई दुखावतील.' मग मेरिलने समजावलं की त्यांच्याकडे आंटी हा मान आहे. ज्या बाईने समाजासाठी काही केलंय, जिचा शब्द लोक मानतात, तीच आंटी. नुसतं वय वाढून भागत नाही.

शुभदाताईंचा चेहरा उजळला. "मग मलाही आंटी म्हणाल का?"

आंटी आयरीननी त्यांना निरखून पाहिलं. "तू? तू अजून लहान आहेस. बघू पुढे."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आंटी म्हटलं नाही म्हणून शुभदाताई आठवडाभर घुश्शात होत्या!

*

व्हिडिओवर सगळे एकदम गायले की नुसता कालवा होतो. म्हणून आंटी एकेक ओळ म्हणायच्या आणि आम्ही आपापल्या घरी म्यूट करून त्यांच्यामागून म्हणायचो. कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, त्यामुळे आत्मविश्वास सगळ्यांचाच दांडगा. मेरिल ओठांच्या हालचाली बघून "सुंदर! अप्रतिम!" म्हणायची.

एके रविवारी माझा माइक चालू राहिला आणि मला पत्ताच नाही. मी डोळे मिटून अख्खं कडवं म्हटलं. डोळे उघडले तर आंटी स्क्रीनला नाक लावून बघत होत्या.

"निळ्या स्वेटरवाली कोण आहे?"

मी लाजत हात वर केला. आता कौतुक होणार!

"बाळ, मघाचं ते बटण होतं ना," आंटी प्रेमाने म्हणाल्या, "ते दाब."

*

बाहेर जमायला परवानगी मिळाली तेव्हा आम्ही हायवेच्या पुलाखाली तालीम सुरू केली. पाऊस लागत नाही आणि आवाजही घुमतो. दोघांमध्ये एक सायकल आडवी ठेवली की दीड मीटर अंतर आपोआप पडतं, ही आयडिया आमच्यातल्या हेंकची. प्रत्येकाच्या शेजारी सायकल उभी. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सायकलींचा बाजार भरलाय.

एकदा पालिकेचा माणूस आला. तरुण, सभ्य. म्हणाला, "तुम्हाला परवानगी आहे का?"

मेरिलच्या डोक्यात चोवीस तास एकच विषय. ती खिन्नपणे म्हणाली, "अजून नाही हो. आंटी म्हणतात, थांबा."

त्याने वही काढली. "या आंटी कुठल्या खात्यात असतात?"

शुभदाताईंनी त्याच्यापुढे डबा धरला. त्याने अंतर राखून, हात लांब करून एक शंकरपाळी घेतली, मग आणखी मूठभर घेतल्या. पुढच्या आठवड्यात तो ड्यूटी नसताना आला आणि टेनरमध्ये, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषांच्या रांगेत, उभा राहिला.

*

हेंक आणि वीम हे सख्खे भाऊ. दोघेही सत्तरीचे, दोघेही बेस, म्हणजे खर्जात गाणारे. आईच्या अंत्यविधीला काहीतरी बिनसलं आणि तेव्हापासून एकमेकांशी अबोला. समेटाच्या कॉयरमध्ये दोघेही न चुकता यायचे आणि दोन टोकांना उभे राहायचे. मेरिलने खूप प्रयत्न केले. हेंक म्हणायचा, "मी ऑस्ट्रेलियासाठी येतो. घरचं काढू नका."

आम्ही ते अडलेलं गाणं पुलाखालून, मेरिलच्या फोनवर, पहिल्यांदा पूर्ण म्हणून दाखवलं, तेव्हा आंटींनी ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "छान गाता रे. पण हे ऐकून कुणी घरी येणार नाही."

मग आंटींनीच विचारलं,

"तुमच्या आया संध्याकाळी तुम्हाला कशा बोलवायच्या? करून दाखवा बघू."

मग जी धमाल उडाली! कुणाची आई पातेल्याचं झाकण वाजवायची, कुणाची नुसतं नाव घ्यायची, पण तीन मजले हादरायचे. शुभदाताईंनी "एऽऽ शुभेऽऽ, दिवे लागले, मेलेऽऽ!" अशी आरोळी ठोकली की पुलाखालची कबुतरं उडाली. मी माझ्या आईची हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि विमानं बंद म्हणून मी जाऊ शकले नव्हते. आंटी म्हणाल्या, "तू पुढच्या वेळी."

हेंकची पाळी आली. तो म्हणाला, "आमची आई शिट्टी मारायची." आणि त्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "चूक. शेवटी वर जायची."

वीम! इतक्या वर्षांत भावाशी बोललेलं पहिलं वाक्य!

हेंकने सावकाश मान वळवली. "खाली जायची."

"तुला काय माहीत? तू कधी वेळेवर घरी आलास?"

त्या दिवसापासून दोघे बोलतात. शिट्टीचं मात्र अजून मिटलेलं नाही.

*

शेवटची तालीम. पुढच्या रविवारी वस्तीच्या समाजकेंद्रात आमचा पहिला जाहीर कार्यक्रम. पत्रिकेत एका गाण्याची जागा रिकामी, कारण आंटी अजून हो म्हणाल्या नव्हत्या. मधे त्या आजारी होत्या, आवाज बसला होता. "आता आईला किती छळायचं? आजही नाही म्हणाली तर मी सोडून देते," असं मेरिल आम्हाला म्हणाली आणि पटकन पाठ फिरवून खुर्च्या लावायला लागली.

हॉलच्या खिडक्या नियमाप्रमाणे सताड उघड्या, आम्ही कोट घालून उभे. आमच्याकडे रविवारची सकाळ, पडद्यावर आंटींकडे संध्याकाळ. त्यांच्या मागच्या खिडकीत उजेड उतरत होता.

आम्ही सुरुवात केली. मी त्या दिवशी चक्क आईला हाक मारत होते, उगाच कशाला लपवू? वीम हेंककडे बघून गात होता. दुसऱ्या ओळीला मेरिलचे ताल देणारे हात खाली आले. ती आमच्याकडे पाठ करून पडद्यासमोर उभी राहिली आणि स्वतःच गायला लागली. आमच्यासमोर ती हे गाणं कधीच गायली नव्हती. शब्द सगळे येत होते तिला.

तेवढ्यात आंटींनी खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि त्या उठल्या. गुडघ्यांना धरत, हळूहळू पडद्याबाहेर निघून गेल्या. रिकामी खुर्ची तेवढी दिसत राहिली.

शुभदाताईंनी माझा हात दाबला. आम्ही गात राहिलो, कारण मेरिल थांबत नव्हती. गाणं संपलं. मेरिल खुर्चीकडे बघत म्हणाली, "आई?"

बऱ्याच वेळाने पडद्यावर हालचाल झाली. आंटी आल्या होत्या. डोक्यावर बाहेर जायची टोपी, खांद्याला पर्स, पायांत बूट. खुर्चीत न बसता त्या तशाच उभ्या राहिल्या.

"आले गं, आले," त्या म्हणाल्या. "जेवायला काय केलंय?"