बाबांची बदली

बाबांवर लिहिलेली माझी पहिली कथा पुण्याच्या एका मासिकाने परत पाठवली. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होते, सायकलने ड्युटीला जायचे, एवढीच ती कथा. संपादकांनी कळवलं, की कथा चांगली आहे, पण ती नागपुरात घडवा. भिलाईतला मराठी माणूस आमच्या वाचकांना पटणार नाही.

माझं डोकंच फिरलं. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले, आणि आता आम्ही इथे राहतो हेही यांना पटवून द्यायचं? मैत्रीण म्हणाली, पॉझिटिव्ह राहा, होईल काहीतरी. मला तिचाही राग आला.

आईला तो मेल वाचून दाखवला. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "नागपूरले कावून नेतात त्यायले? ते तं इथंच गेले."

मी कथेच्या पहिल्याच ओळीत भिलाईचं नाव घातलं आणि ती दुसऱ्या मासिकाला पाठवली. तिथूनही ती परत आली. तिथल्या संपादक बाईंनी लिहिलं होतं, की वडील डोळ्यांसमोर उभे राहिले, पण शेवटी तुम्ही फार घाई केलीत.

मी मोबाइल पलंगावर आपटला. दिवसभर धुसफुसत राहिले. संध्याकाळी तोच मेल पुन्हा वाचला, तर त्यात भिलाईबद्दल चकार शब्द नव्हता. या बाईंनी कथा शेवटपर्यंत वाचली होती.

मग रागारागातच लिहायला बसले. शेवट बदलायला माझी ना नव्हती. बाबांची बदली मात्र मी कुणालाही करू देणार नव्हते.